बाजारात फार न जाता गौरी-गणपतीचं ताट

भाद्रपदात कोकणातल्या शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. जुनं भात संपत आलेलं, नवं अजून पोटरीत, काजू-आंब्याचे आले तेवढे खतात, मजुरीत आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांत गेलेले. आणि गणपती नेमका तेव्हाच. त्यात मुंबईच्या चाकरमान्याची नोकरी गेलेली किंवा डळमळीत असली, की घरात पहिली कुजबुज सुरू होते, "यंदा दीड दिवसच बसवू या." बसवा की, माझी काही हरकत नाही. पण निव्वळ जेवणाच्या खर्चापायी दिवस कमी करत असाल तर जरा थांबा.

मी सिंधुदुर्गातल्या एका वाडीत राहते. आमचं घर मूळ घर, त्यामुळे गणपतीत सगळं गोत आमच्याच पडवीत जेवतं. तंगीच्या वर्षी मी गूळ, तेल, मीठ आणि कमी पडला तर तांदूळ एवढंच विकत आणते. नारळ घरचा. बाकीचं ताट परसात, बांधावर आणि रानात उभं असतं. मात्र ते चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोयती घेऊन बाहेर पडलं म्हणून हाती लागत नाही.

तयारी मे महिन्यात करायची. पाऊस पडायच्या आत घरात तीन गोष्टी हव्यात: सोलं (म्हणजे आमसुलं), चिंच आणि फणसाच्या आठळ्या. रातांबे फोडून सालं त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घातली की सोलं होतात, हे कोकणात कुणाला सांगायला नको. आठळ्यांकडे मात्र लोक हल्ली बघत नाहीत, गरे खाऊन उकिरड्यावर टाकतात. त्या धुऊन, सावलीत खडखडीत सुकवून, चुलीच्या राखेत घोळून मडक्यात ठेवा. गणपतीत शेंगदाणे, चण्याची डाळ, काजू या सगळ्यांची जागा त्या घेतात. अळवात आठळी असली की शेंगदाण्याची आठवणही होत नाही. मे महिन्यात हे जमलं नसेल तर शेजारी विचारा. परसातली काकडी देऊन सोलं घेणं यात लाजण्यासारखं काही नाही.

मग पावसाळाभर डोळे उघडे ठेवायचे. टाकळा पहिल्या पावसानंतर उगवतो तेव्हाच कोवळा असतो. आषाढात त्याची भाजी भरपूर खाऊन घ्या, भाद्रपदापर्यंत तो कमरेएवढा वाढून शेंगांवर येतो आणि मग त्यात राम राहत नाही. कुरडूचंही तसंच, गुलाबी-पांढरे तुरे दिसले की पाला जून झाला. फोडशी श्रावणाच्या सुरुवातीपर्यंत ठीक. ती उपटू नका, जमिनीलगत सुरीने कापा. खालची मुळं राहिली तर पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मिळते. हल्ली रस्त्याकडेला फोडशीच्या जुड्या मुळासकट विकायला ठेवतात, ते बघून माझा जीव तळमळतो.

गणपतीच्या कामाची खरी रानभाजी म्हणजे कर्टोली. वेल कुठे चढलाय ते श्रावणात हेरून ठेवायचं आणि कुंपणाला चिंधी बांधायची. कर्टोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. नराला नुसती पिवळी फुलं येतात, फळ धरत नाही, म्हणून कुणी तो 'वांझ' म्हणून उपटून टाकतं. तो गेला तर शेजारच्या मादीलाही फळ कमीच धरणार. तोडायची ती हिरवी, काटे मऊ असताना. पिवळसर झाली की आतली बी दाताखाली कडकडते. तोडलेली कर्टोली टोपलीत सुटी पसरून ठेवली तर दोन-तीन दिवस टिकतात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलीत तर कुजतात.

आपले सण ज्याने कुणी बसवले त्याला तेलाच्या बुधल्याचा अंदाज पक्का असावा. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. म्हणजे नुसतं उकडायचं. हळदीच्या पानातले पातोळे घातले की तेलाचा थेंबही लागत नाही. गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी. तिच्यात पाला निवडायचं काम तेवढं जिवावर येतं. डहाळ्या आदल्या संध्याकाळी सुती कापडात गुंडाळून ठेवा, सकाळी झटकल्या की पानं आपोआप गळतात. डहाळी आणताना मात्र खालच्या बाजूने बघून घ्या, पावसाळ्यात शेवग्यावर केसाळ सुरवंट असतात.

आता अळू. गणपतीच्या ताटात ते दोनदा तरी येतं आणि तक्रारीही त्याच्याच जास्त. परसात सांडपाण्याच्या वाटेवर लावलेलं, वर्षानुवर्षं खाल्लेलं अळूच घ्यायचं. ओहोळाकाठी रानअळू कितीही लुसलुशीत दिसलं, तरी जाणत्या माणसाने हे खाण्यातलं आहे असं सांगितल्याशिवाय हात लावू नका. माणशी दोन मोठी पानं देठासकट धरा, शिजून खूप बसतं.

चिरण्याआधी हाताला खोबरेल चोळा. देठाचं साल वरून खाली ओढलं की दोऱ्यासारखं निघून येतं, तेवढं सगळं काढा. आठळ्या आधी वेगळ्या शिजवा. सोलं किंवा चिंच पडल्यावर आठळी आणि डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते, आणि अळवाला तर आंबट सुरुवातीलाच हवं. म्हणून दोन भांडी. पानं आणि देठ सोलांच्या पाण्यात पूर्ण गळेपर्यंत शिजवा, रवीने घोटा, मग सोललेल्या आठळ्या त्यात सोडा. गूळ, मीठ, वाटीभर ओलं खोबरं आणि वरून मिरची-मेथीची फोडणी. वाढण्याआधी थेंबभर जिभेच्या टोकावर ठेवून थोडा वेळ थांबा. टोचलं तर आणखी दोन सोलं टाकून परत उकळा. पाहुण्यांच्या घशाला खाज सुटल्यावर आमसुलाचं पाणी घेऊन धावण्यापेक्षा हे बरं.

ऋषिपंचमी चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी येते. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा त्या दिवशीचा नेम. नांगराखालचं धान्य नाही, म्हणजे जे परसात कुदळीने आणि हाताने लावलंय किंवा आपसूक उगवलंय तेच. हात आखडलेल्या घराला यापेक्षा सोयीचा सण नाही, पण शहरात याच भाजीसाठी बाजारातून पंधरा प्रकार पिशव्या भरभरून आणतात. त्याची काही गरज नाही. अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, भेंडी आणि आंबटाला अंबाड्याची फळं एवढ्यात भाजी होते. सुरण आणि कोवळा मका मिळाला तर उत्तमच.

मोठं पातेलं घ्या, तेल नाही, फोडणी नाही. तळाला सुरणाच्या फोडी, मक्याचे तुकडे आणि ठेचलेले अंबाडे, त्यावर अळूची देठी आणि पानं, वाटीभर पाणी, झाकण. सुरणात सुरी सहज गेली की भोपळा आणि माठाचे देठ. पडवळ, भेंडी आणि माठाचा पाला अगदी शेवटी. हिरवी मिरची मोडून आणि मीठ घालून झाकणावर पाणी ठेवायचं, म्हणजे खाली लागत नाही. उतरवल्यावर खोबरं, तेही हात सैल सोडून. कारण या भाजीत चव आणणारी तीच एक महाग वस्तू आहे. सोबत वरीचा भात. शिजताना डावाने ढवळाढवळ केलीत तर लगदा होतो, पातेलंच कानांना धरून हलवा.

गौर येते त्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, तिथे परसातला कुठलाही पाला चालतो. काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, त्यांना ओहोळातले खेकडे आहेतच. पकडायला घरातल्या पोरांना पाठवा, पण पाऊस कोसळत असताना नको. डोंगरावरचं पाणी ओहोळाला अचानक येतं.

गोडाचं गणित वेगळं, कारण तिथे गूळ आणि नारळ दोन्ही जातात. घरातल्या प्रत्येकाला पोटभर मोदक हा हट्ट तंगीच्या वर्षी सोडावा. देवापुढे अकरा ठेवा, पाच ठेवा, गणपती मोजत नाही. पाहुण्यांना पातोळे. त्याच चुनात, म्हणजे गूळ-खोबऱ्याच्या सारणात, मोदकांपेक्षा बरेच जास्त पातोळे होतात, कारण सारण पातळ पसरतं. हळदीचं पान धुऊन पुसून घ्या, खडबडीत बाजू खाली. तांदळाच्या पिठाची उकड किंवा सैल भिजवलेलं पीठ ओल्या बोटांनी शक्य तितकं पातळ फिरवा, अर्ध्या भागावर चून पसरा, पान मिटा आणि मोदकपात्रात वाफवा. पानाचा रंग काळपट हिरवा झाला आणि घरभर वास सुटला की झालं. चून पुरवायचं असेल तर किसलेला लाल भोपळा गुळात परतून, पाणी आटल्यावर खोबऱ्यात मिसळा. निम्मं-निम्मं केलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं गोड म्हणजे तवसोळी. मांडवावर एखादं तवसं, म्हणजे मोठी काकडी, नजरेआड वाढून जून झालेलं असतंच. ते सोलून, बिया काढून किसा. किसात गूळ घाला आणि थोडा वेळ ठेवा, इतकं पाणी सुटतं की वेगळं घालावं लागत नाही. त्यात भाजलेला तांदळाचा रवा, खोबरं, चिमूटभर मीठ. जाड बुडाच्या टोपात हळदीचं पान अंथरून मिश्रण ओता, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. गॅसवर करणार असाल तर टोपाखाली तवा ठेवा.

काय आणायचं नाही हेही तितकंच महत्त्वाचं. अळंबी आमच्याकडे श्रावणात वारुळांवर येतात, पण ज्याने ती लहानपणापासून त्याच जागेवरून काढली आहेत त्याच्या हातचीच खावीत. लसूण काळी पडते का, चांदीचं नाणं काळवंडतं का, या परीक्षांनी विषारी अळंबी कळत नाही. शंका आली की टाकून द्या, सणाचं घर आहे. बांबूचे कोंब आणलेत तर ते कच्चे विषारी असतात. बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवा, ते पाणी फेका, मग उकळून तेही पाणी फेका. आणि माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतो त्या चौकटीला, जे बांधतो ते सगळं खाण्यातलं नसतं, हे मुंबईहून आलेल्या पोरांना बजावून सांगा. लालबुंद कवंडळ बघून त्यांना फळच वाटतं. कळलावीचं फूल शोभेला कितीही सुंदर असलं तरी तिचा कंद जीव घेतो. तो उकरायचा नाही आणि घरातही आणायचा नाही.

हल्ली आणखी एक नवं संकट आहे, तणनाशकाचं. काजूच्या आणि आंब्याच्या बागांत पावसाळ्यात गवतावर फवारणी होते. बांधावरचं गवत ठिकठिकाणी पिवळं पडून जळाल्यासारखं दिसलं तर तिथला पाला घेऊ नका, मग तो कितीही हिरवागार असो. बागवाल्याला विचारलं तर तो सांगतो कधी मारलं ते. तसंही दुसऱ्याच्या जमिनीतून विचारल्याशिवाय काही काढायचं नाही. देवरहाटीतून, म्हणजे देवाच्या राखीव रानातून, तर काडीही नाही.

शेवटचं काम सण चालू असतानाच करायचं, नाहीतर राहून जातं. भाजीसाठी तोडताना दोडका, पडवळ, भेंडी आणि तवसं यातलं सर्वांत सरळ, निरोगी, पहिल्या बहरातलं एकेक फळ वेलावर-झाडावर तसंच सोडा आणि त्याला दोरा बांधा. नाहीतर विसर्जनाच्या गडबडीत घरातलं कुणीतरी तेच तोडून शिदोरीत घालतं. तवसं पिवळंजर्द झालं की बी काढून धुवा आणि सुकवा. दोडका वेलावरच वाळू द्या, हलवला की खुळखुळला पाहिजे. बी राखेत घोळून चुलीवरच्या माळ्याला टांगा. कपाटात ठेवलेलं बी दमट हवेत बुरशी धरतं.