पशुवैद्यकीय क्षेत्रात जायचे आहे? सीमाभागातील विद्यार्थ्यांनी या चुका टाळाव्यात

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात, तसेच बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद या भागांत, घरी दोन-चार म्हशी असलेल्या कुटुंबातील मुलाने किंवा मुलीने गुरांचा डॉक्टर व्हायचे ठरवले, तर घरच्यांना पहिली चिंता गुणांची वाटते. ती चिंता खोटी नाही. परंतु सीमाभागात पुरेसे गुण असूनही वाट अडते ती बहुधा कागदपत्रांपाशी: आपण कोणत्या राज्याच्या कोट्यात बसतो आणि घेतलेल्या प्रमाणपत्रावर कायद्याने नेमके कोणते काम करता येते, या दोन प्रश्नांची उत्तरे वेळेवर शोधलेली नसतात. पुढील बहुतेक चुका या दोन प्रश्नांतूनच निघतात.

राज्याचा विचार बारावीनंतर करणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे आणि ती बहुतेक वेळा पालकांच्या हातून, चांगल्या हेतूनेच होते. कर्नाटकाच्या कोट्यातून प्रवेश हवा असेल, तर सर्वसाधारण अट अशी की विद्यार्थ्याने पहिली ते बारावीपर्यंतची किमान ७ वर्षे कर्नाटकातील मान्यताप्राप्त शाळांत काढलेली असावीत आणि एसएसएलसी (दहावी) किंवा द्वितीय पीयूसी (बारावी) यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण केलेली असावी. निपाणीचा मुलगा दहावीपर्यंत गावात शिकून अकरावी-बारावीसाठी कोल्हापूरला गेला, तर या अटीत तो बसतो. तोच मुलगा आठवीपासून कोल्हापूरच्या वसतिगृहात राहिला आणि दहावी, बारावी दोन्ही तिकडूनच झाला, तर त्याची ७ वर्षे भरतात, पण परीक्षेची अट मोडते. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी सामान्यतः दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि शिवाय अधिवास दाखला मागितला जातो, आणि घर कर्नाटकात असल्यामुळे हा दाखला त्याला मिळत नाही. असा विद्यार्थी धड इकडचा राहत नाही, धड तिकडचाही होत नाही.

त्याच्यासाठी उरणारी मुख्य वाट म्हणजे १५ टक्के अखिल भारतीय जागा, ज्या भारतीय पशुवैद्यक परिषद नीटच्या गुणांवर भरते. म्हणूनच कर्नाटकाच्या सीईटीची, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नीटचा अर्जही भरावा असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आपल्याला एमबीबीएस करायचेच नाही, मग नीट कशाला’ असे म्हणून ती टाळणे म्हणजे देशभरातील महाविद्यालयांच्या जागांवर स्वतःहून पाणी सोडणे होय. महाराष्ट्रात तर नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकाचे प्रवेश नीटवरच होतात आणि बेळगावकरांना त्यातल्या त्यात जवळचे असलेले शिरवळचे महाविद्यालय याच विद्यापीठाचे आहे.

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषिकांना त्या राज्याच्या काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळी सवलत असते, आणि १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातील दाखला दिल्यास तेथील शासकीय भरतीतही अर्ज करता येतो. मात्र गावात सर्वांना ठाऊक आहे म्हणून आपले गाव यादीत आहे असे गृहीत धरू नये. यादीतील नाव स्वतः पाहावे आणि सवलत पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी लागू आहे का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच तपासावे. जातीच्या दाखल्याबाबतही असाच गैरसमज आढळतो. कर्नाटकात मिळालेल्या जात प्रमाणपत्रावर सामान्यतः महाराष्ट्रात आरक्षण मिळत नाही, तेथे अर्ज खुल्या गटातून धरला जातो.

कर्नाटकाच्या आत राहूनही दोन सीमाभागांचे नियम वेगळे आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बिदर हा जुन्या हैदराबाद संस्थानाचा भाग असल्यामुळे तेथील विद्यार्थ्याला घटनेच्या ३७१ (जे) कलमाखाली कल्याण कर्नाटकातील संस्थांत ७० टक्के आणि राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के राखीव जागांचा लाभ मिळू शकतो. बेळगाव मुंबई इलाख्यात होते, त्यामुळे बेळगावच्या विद्यार्थ्याला हा लाभ नाही. कर्नाटक पशुवैद्यकीय, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बिदरलाच असल्याने भालकीच्या मुलाला हा लाभ घराजवळच घेता येतो, पण त्यासाठी स्थानिकतेचे प्रमाणपत्र अर्जापूर्वीच हातात असावे लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना कन्नड माध्यमाचा कोटा मिळणार नाही, हे उघड आहे; परंतु पहिली ते दहावी ग्रामीण शाळेत झाली असेल, तर ग्रामीण कोटा मराठी माध्यमालाही लागू होतो आणि तो मागायचाच राहून जातो. शेतकरी कुटुंबांसाठीच्या कोट्याला जमिनीच्या कागदांबरोबर प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते. तिची तारीख हुकली, तर उतारा कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही.

कन्नडकडे पाठ फिरवणे

भाषेच्या प्रश्नावर सीमाभागात भावना तीव्र आहेत आणि त्यांची कारणेही आहेत. तरीही नोकरीचा विचार करताना हिशेब वेगळा मांडावा लागतो. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून असल्याने महाविद्यालयात अडचण येत नाही, ती येते नंतर. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीत कन्नड भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, दवाखान्याच्या नोंदी आणि खात्याची परिपत्रके कन्नडमध्ये असतात आणि खानापूरहून बदली होऊन गोकाक किंवा बैलहोंगलला गेलेल्या डॉक्टरला म्हैस कधीपासून चारा खात नाही, हे कन्नडमध्येच विचारावे लागते. बोलता येते म्हणून लिहिता येईल, असे समजणारे अनेक जण या परीक्षेत अडखळतात. शाळेतील दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकलेले कन्नड पीयूसीनंतर सोडून न देणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

पदविकेला पदवीची पायरी समजणे

पशुवैद्यकाची पदवी, म्हणजे बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच., ही एका वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची आहे. पशुसंवर्धन पदविका दहावीनंतर करता येते आणि तिच्यातून कर्नाटकात पशुवैद्यकीय परीक्षक, तर महाराष्ट्रात पशुधन पर्यवेक्षक अशा पदांकडे जाता येते. दूध संघांतही अशा माणसांना काम असते. हा स्वतंत्र आणि प्रतिष्ठेचा मार्ग आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा विद्यार्थी ‘आधी पदविका, मग थेट दुसऱ्या वर्षाला पदवी’ असा बेत आखतो. अभियांत्रिकीत अशी सोय आहे, पशुवैद्यकात नाही. पदवीला पहिल्या वर्षापासूनच जावे लागते आणि त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे लागते. ज्याच्या मनात पदवीची थोडीदेखील इच्छा आहे, त्याने पीयूसी विज्ञान आधी पूर्ण करावे. पदविका नंतरही करता येते, मात्र पदविकेनंतर पुन्हा पीयूसीच्या बाकावर बसणे सहसा जमत नाही.

यापेक्षा गंभीर चूक पदविका हातात आल्यावर होते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पदविकाधारकांना राज्य शासनाच्या आदेशाने जे करता येते, त्याला कायदा किरकोळ पशुवैद्यकीय सेवा म्हणतो: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि शासनाने अधिसूचित केलेले इतर प्राथमिक उपचार, तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. राष्ट्रीय गोकुळ मिशनअंतर्गत सुमारे तीन महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या मैत्री कार्यकर्त्याची भूमिका तर कृत्रिम रेतन आणि त्याला जोडून येणाऱ्या प्राथमिक सेवांची आहे. प्रत्यक्षात गावात काय घडते, हे सर्वांना माहीत आहे. रात्री अकरा वाजता वार (व्यायल्यावर पडणारे गर्भाचे वेष्टन) अडकलेली म्हैस समोर असते, डॉक्टर तीस किलोमीटरवर असतो आणि शेतकरी हात जोडतो. अशा वेळी प्राथमिक मदत करून डॉक्टरला फोन लावणे, १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावणे आणि काय केले याची वेळेसह नोंद ठेवणे, एवढे जो करतो तो सुरक्षित राहतो. जो स्वतःच प्रतिजैविकांची मालिका सुरू करतो, त्याच्या हातून दुधात औषधाचा अंश उतरतो, जनावर दगावल्यास जबाबदारी त्याच्यावर येते, आणि देखरेखीचा लेखी पुरावा नसल्यास कोणीही त्याच्या बाजूने उभे राहत नाही.

पशुवैद्यकीय परिचारिकेचे काम म्हणजे कंपाउंडरकी, असे मानणे

शहरांत पाळीव प्राण्यांची मोठी रुग्णालये वाढत आहेत आणि बेळगावच्या मुलांना पुणे, बेंगळुरू, गोवा ही तिन्ही ठिकाणे आवाक्यातील आहेत. तेथे भूल दिलेल्या कुत्र्याचा श्वास, नाडी व तापमान सतत पाहणे, शस्त्रांचे निर्जंतुकीकरण, सलाइनचा वेग मोजून लावणे, क्ष-किरणासाठी प्राण्याला योग्य स्थितीत ठेवणे, रक्ताचे नमुने नीट साठवणे आणि दाखल रुग्णाची शुश्रूषा अशी कौशल्याची कामे परिचारिका व परिचारक करतात.

येथे सावध राहण्याची गोष्ट अशी की भारतात पशुवैद्यकीय परिचारिकांची पशुवैद्यकांसारखी वैधानिक नोंदवही नाही. त्यामुळे ‘व्हेटरनरी नर्सिंग’च्या नावाने काही महिन्यांचे प्रमाणपत्र विकणाऱ्या खासगी वर्गात पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे आहे, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होते आणि आधीचे विद्यार्थी आज कोठे काम करतात. गोलमाल उत्तर मिळाले, तर ते पैसे वाचवून एखाद्या चांगल्या रुग्णालयात कमी पगारावर वर्षभर काम शिकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बारावीला विज्ञान आणि जीवशास्त्र असलेल्या मुलांनी सैन्यदलातील नर्सिंग असिस्टंट (व्हेटरनरी) हा प्रकारही पाहावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने भरतीची माहिती घरोघरी असते, पण रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअर या शाखेकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पदवीधरांना त्याच शाखेत अधिकारी म्हणूनही जाता येते.

परदेशाचा विचार असेल, तर भारतातील अनुभव थेट चालेल असे धरू नये. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त शिक्षण घेऊन रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सच्या नोंदवहीत नाव लागल्यावरच नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करता येते. अमेरिकेत या पदाला व्हेटरनरी टेक्निशियन म्हणतात आणि तेथे सामान्यतः मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतर व्हीटीएनई ही परीक्षा द्यावी लागते.

विषय निवडताना उरलेली जागा घेणे

तज्ज्ञ होण्याची भारतातील रूढ वाट म्हणजे दोन वर्षांची एम. व्ही. एस्सी. आणि पुढे पीएच. डी. प्रवेशाच्या फेरीत जी जागा शिल्लक आहे ती घेऊन टाकायची आणि नोकरीचा विचार नंतर करायचा, ही पद्धत फार रुळली आहे. विषयाप्रमाणे पुढचे आयुष्य बदलते, याची जाणीव त्या वेळी नसते. शस्त्रक्रिया व क्ष-किरणशास्त्र किंवा चिकित्साशास्त्र घेतलेल्याला शहरी रुग्णालये मागतात. प्रसूतिशास्त्र घेतलेल्याला दूध संघ, रेतन केंद्रे आणि भ्रूण प्रत्यारोपणाची कामे खुली होतात, आणि नंदिनी व गोकुळ या दोन्ही दुधांच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने हा विषय गांभीर्याने पाहावा. विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांतून प्रयोगशाळा, लसनिर्मिती आणि कुक्कुटपालन कंपन्यांकडे जाता येते, तर पशुपोषणातून पशुखाद्य उद्योगाकडे. ज्याला दवाखान्यात हात चालवायचा आहे, त्याने केवळ जागा मिळाली म्हणून प्रयोगशाळेचा विषय घेतला, तर दोन वर्षांनी तो पुन्हा पदवीधर म्हणूनच दवाखान्यात उभा राहतो.

आणखी एक गैरसमज अमेरिकन शब्दांमुळे होतो. तेथे मंडळमान्य (बोर्ड-सर्टिफाइड) तज्ज्ञ होण्यासाठी पदवीनंतर साधारणपणे एक वर्षाची इंटर्नशिप, तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि त्यानंतर मंडळाची परीक्षा असा क्रम असतो. भारतातील एम. व्ही. एस्सी. त्याच्या बरोबरीची मानली जात नाही. भारतीय पदवीधराला तेथे व्यवसाय करण्यासाठीसुद्धा आधी ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह यांसारखा समकक्षतेचा कार्यक्रम आणि नेव्हली ही परीक्षा पार करावी लागते. त्यामुळे परदेशातच स्थायिक व्हायचे असेल, तर येथे पीएच. डी.पर्यंत वर्षे घालवावीत का, हा प्रश्न पदवीच्या शेवटच्या वर्षातच स्वतःला विचारावा.

स्वतःच्या शरीराचा आणि नोंदणीचा विसर पडणे

या व्यवसायात आजार जनावरांकडून माणसाकडे येतात, आणि नवशिके नेमके हेच हसण्यावारी नेतात. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस प्रशिक्षण सुरू होतानाच घ्यावी, चावा बसण्याची वाट पाहू नये. सांसर्गिक गर्भपातावरची (ब्रुसेलोसिसवरची) एस-१९ ही लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना देतात. ती जिवंत जंतूंची असल्यामुळे तिची सुई हाताला टोचली किंवा थेंब डोळ्यात उडाला, तर लगेच धुऊन त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जावे आणि लसीचे नाव सांगावे. गाभडलेल्या म्हशीची वार उघड्या हाताने काढणे ही धाडसाची नव्हे, हलगर्जीपणाची खूण आहे.

पदवीधरांनी राज्य पशुवैद्यक परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचे असते. चंदगड किंवा कागलमध्ये दवाखाना आणि घर बेळगावात, अशी स्थिती सीमेवर नेहमीची आहे. व्यवसायाचे ठिकाण कायमचे दुसऱ्या राज्यात गेले, तर नाव त्या राज्याच्या नोंदवहीत वर्ग करून घेण्याची तरतूद आहे. हा अर्ज जुनी नोंदणी चालू असतानाच करावा, कारण मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर दिलेला विम्याचा किंवा शवविच्छेदनाचा दाखला अडकला, तर भरपाई थांबते ती शेतकऱ्याची.