वेबपानावरील अक्षरांचा आकार कसा ठरवावा

आकाराविषयी काहीही सूचना दिली नाही, तरी बहुतेक ब्राउझर साधा मजकूर १६ पिक्सेल आकारात दाखवतात आणि ज्यांना बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, ते वाचक हा आकडा आपल्या सेटिंगमध्ये वाढवून ठेवतात. पान तयार करणाऱ्याने मूळ आकार पिक्सेलमध्ये पक्का केला, की वाचकाची ही सोय निकामी होते.

जुन्या पानांत फॉन्ट टॅगला (टॅग म्हणजे पानाच्या कोडमधील खूण) १ ते ७ यांपैकी एक आकडा देत असत. तो टॅग आता बाद झाला आहे, त्यामुळे आकार सीएसएसमध्येच, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतच लिहावा. पानाच्या हेड भागात स्टाइल टॅग उघडून एचटीएमएल या सर्वांत बाहेरच्या घटकासाठी फॉन्ट-साइझ १०० टक्के लिहावा, म्हणजे वाचकाने निवडलेला आकार हाच पाया ठरतो. त्यानंतर रेम हे या पायाच्या पटीत मोजणारे एकक वापरून परिच्छेदाला १ रेम, मुख्य शीर्षकाला २ रेम आणि तळटिपेला ०.८७५ रेम द्यावे. पाया १६ पिक्सेलचा असेल तर हे आकार अनुक्रमे १६, ३२ आणि १४ पिक्सेल होतात.

रेमऐवजी एम हे एकक वापरताना मात्र सावध राहावे, कारण फॉन्ट-साइझमधील एम हे बाहेरच्या घटकाच्या आकारावरून मोजले जाते. प्रत्येक यादीला ०.८ एम दिले आणि एका यादीच्या आत एकात एक अशा आणखी दोन याद्या आल्या, तर अक्षरे १२.८, मग १०.२४ आणि शेवटी जेमतेम ८ पिक्सेलपर्यंत आक्रसतात. नवशिक्याला ही चूक शोधायला फार वेळ लागतो, कारण प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे बरोबरच दिसते.

लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.५ ठेवावी आणि तिला एकक जोडू नये, म्हणजे ती प्रत्येक घटकाच्या आकारानुसार बदलते. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांसाठी थोडी अधिकही चालते. मोबाइलसाठी व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पडद्याच्या रुंदीनुसार पान बसवणारी सूचना) घालावा, पण त्यात झूम रोखणारी सूचना नसावी.

शेवटी तपासणी करावी. ब्राउझरच्या झूममध्ये पिक्सेलमधील अक्षरेही मोठी होत असल्याने त्या चाचणीत चूक लपते. म्हणून सेटिंगमधील अक्षरांचा आकार १६ वरून २४ करून पान पुन्हा उघडावे. जो मजकूर वाढला नाही, तिथे पिक्सेल राहून गेले आहेत, आणि जिथे अक्षरे चौकटीबाहेर सांडली, तिथे ठरावीक उंचीऐवजी किमान उंची द्यावी.