मटेरियलचा आकडा उचलताना या चुका टाळा

ड्रॉइंगवर नुसतं 'अ‍ॅल्युमिनियम ६०६१' लिहिलं म्हणजे मटेरियल ठरलं, असं होत नाही. अनील करून मऊ केलेल्या, म्हणजे 'ओ' टेंपरच्या ६०६१ची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो आकडा, जेमतेम ५५ मेगापास्कल असते. उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेल्या टी६ टेंपरमध्ये ती २७५च्या घरात जाते. रसायन तेच, ताकद पाचपट. त्यात टी६ची प्लेट वेल्ड केली, की वेल्डच्या आजूबाजूचा तापलेला पट्टा पुन्हा मऊ पडतो आणि तिथली यील्ड निम्म्याच्याही खाली उतरते. जॉइंटची गणितं २७५ धरून केली असतील, तर ती फाडून टाका.

स्टीलमध्ये हाच घोळ जाडीमुळे होतो. एस३५५ या स्ट्रक्चरल स्टीलच्या नावातले यील्डचे ३५५ मेगापास्कल १६ मिलिमीटरपर्यंतच्या प्लेटचे आहेत. प्लेट ८० ते १०० मिलिमीटरची असेल तर हमी फक्त ३१५ची. हार्डन-टेंपर केलेल्या शाफ्टचं आणखी अवघड. क्वेंचिंगचा, म्हणजे तापवून झटकन थंड करण्याचा परिणाम जाड शाफ्टच्या गाभ्यापर्यंत पुरेसा पोचत नाही, आणि आपण मात्र हँडबुकातला बारीक बारचा आकडा उचलून मोकळे होतो. तक्त्यात आकड्याशेजारी कोणत्या व्यासासाठी हे लिहिलेलं असतं. ते वाचायचा कंटाळा महागात पडतो.

'टिपिकल' आणि 'मिनिमम' हे रकानेही वेगळे. भार पेलायचा असेल तर मिनिमम घ्या. पण पंचिंगसाठी किती टनांचा प्रेस लागेल हे काढताना, किंवा ठरावीक भाराला तुटायलाच हवी अशी शिअर पिन बसवताना, मिनिमम घेणं ही उलटी चूक ठरते. तिथे माल जास्तीत जास्त किती कडक येऊ शकतो ते बघायचं.

बीम फार वाकतोय म्हणून महागडं हाय-स्ट्रेंग्थ स्टील मागवणारे आजही भेटतात. वाकणं ठरतं ते इलॅस्टिक मॉड्युलसवर, म्हणजे मटेरियलच्या ताठपणावर, आणि स्टीलचा मॉड्युलस ग्रेड बदलून हलत नाही, २००-२१० गिगापास्कलच राहतो. आयताकृती सेक्शनची उंची दुप्पट करा, वाकणं आठव्या हिश्शावर येईल.

फटीगची (पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने तुटण्याची) एन्ड्युरन्स लिमिट, म्हणजे ज्या ताणाखाली तुकडा कितीही वेळा भार आला तरी टिकतो ती मर्यादा, गुळगुळीत पॉलिश केलेल्या नमुन्याची असते, तुमच्या कास्टिंगच्या खरबरीत पृष्ठभागाची नव्हे. आणि अ‍ॅल्युमिनियमला तर तशी ठाम लिमिटच नसते. नायलॉन ६६चं डेटाशीट बघताना 'ड्राय' की 'कंडिशन्ड' ते तपासा, कारण हवेतला ओलावा शोषल्यावर त्याचा ताठपणा निम्म्यापर्यंत घसरतो.

आता एफईएमधला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिसमधला गोंधळ. मिलिमीटर-न्यूटन-सेकंद पद्धतीत स्टीलचा मॉड्युलस २,१०,००० आणि घनता ७.८५ × १०⁻⁹ टन प्रति घन मिलिमीटर भरायची असते. मॉड्युलसच्या जागी गिगापास्कलमधले २१० टाकले, तर डिफ्लेक्शन (वाकणं) हजारपट येतं, पण एकाच मटेरियलच्या साध्या लिनिअर मॉडेलमध्ये बाहेरून दिलेल्या बलामुळे येणारा स्ट्रेस अगदी बरोबर दिसतो. म्हणून स्ट्रेसचा रंगीत प्लॉट बघून समाधान मानू नका. घनता किलोग्रॅममध्ये, म्हणजे १०⁻⁶ने भरली, तर वस्तुमान हजारपट होतं आणि नॅचरल फ्रीक्वेन्सी साधारण ३२ पट कमी येते. फ्रीक्वेन्सी ३२ पटींनी चुकलेली दिसली की मेश (मॉडेलचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक करत बसू नका, आधी घनता बघा. सॉफ्टवेअरने दाखवलेलं वस्तुमान हाताने काढलेल्या वस्तुमानाशी ताडून पाहिलं, की हा प्रश्न रन सुरू करण्याआधीच मिटतो.

शेवटी टेस्ट सर्टिफिकेट. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे स्टील ज्या घाण्यात वितळवलं त्याचा क्रमांक, मालावरच्या शिक्क्याशी जुळवून घ्या, पण एस३५५च्या सर्टिफिकेटवर यील्ड ४१० दिसली म्हणून डिझाइनचा आकडा वाढवू नका. पुढच्या हीटचा माल ३६०चाही येईल, आणि तो नाकारायला तुमच्याकडे काहीही कारण नसेल.