जनरल वॉर्डातले शेवटचे दिवस: नव्या सिस्टर आणि ब्रदरसाठी

नर्सिंगच्या परीक्षेत मृत्यूनंतर देहाची तयारी कशी करायची यावर हमखास प्रश्न येतो. मृत्यूच्या आधीच्या तीन-चार दिवसांत काय करायचं, हे मात्र वॉर्डातच शिकावं लागतं. नाशिकमधल्या एका जनरल हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात मी बरीच वर्षं काम करते आहे. यंदा नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा किंवा बीएस्सी करून रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहिते.

आमच्याकडे शेवटच्या टप्प्यावर येणारे सगळेच कॅन्सरचे नसतात. दारूने लिव्हर गेलेले, किडनी निकामी झालेले, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले, दम्याने छातीचा भाता झालेले असे कितीतरी असतात. राउंडला डॉक्टर म्हणतात, ‘आता विशेष काही करण्यासारखं नाही.’ तिथून पुढे काम वाढतं, हे नव्या मुलामुलींना कुणी सांगत नाही.

सगळ्यात वाईट हाल रात्री होतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: केस पेपरवर डॉक्टरांची लेखी ऑर्डर नसते. पेशंट कण्हतोय, ड्युटी डॉक्टर कॅज्युअल्टीत अडकलेत, कपाटात औषध आहे पण देता येत नाही. म्हणून संध्याकाळच्या राउंडलाच विचारा: दुखलं तर काय देऊ, धाप लागली तर काय, उलटी झाली तर, तळमळ सुरू झाली तर? चारही उत्तरं डोससकट लिहून घ्या. सिनियर रागावले तरी विचारा. पेशंट बोलू शकत नसेल तर कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कूस बदलताना निघणारा आवाज बघा आणि हँडओव्हरमध्ये नोंदवा.

मॉर्फिनची भीती सोडा. ‘मी दिलं आणि पेशंट गेला तर माझ्यावर येईल’ ही धास्ती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. दुखण्याच्या प्रमाणात, लिहून दिलेल्या डोसने दिलेलं मॉर्फिन मरण ओढवून आणत नाही. धापेवरही त्याचा उपयोग होतो. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती वेळेवर द्यायची, दुखेपर्यंत थांबायचं नाही. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध हवंच. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात बदल होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. कुलूप आणि रजिस्टर मात्र काटेकोर हवं.

घरघर लागली की नातेवाईक घाबरतात, ‘सिस्टर, नळी घालून कफ काढा’ म्हणतात. खोल सक्शनने त्रासच वाढतो. पेशंटला कुशीवर वळवा, डोकं जरा उंच करा, स्राव कमी करणारं इंजेक्शन लिहून घ्या. सलाईनचंही तसंच. आपल्या लोकांच्या मनात सलाईन म्हणजे उपचार. ती काढली की ‘सोडून दिलं’ असं वाटतं. शेवटच्या दिवसांत तेच पाणी पायांवर आणि छातीत साठतं. हे कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या सांगू नका. स्टुलावर बसा आणि घरात ज्याचा शब्द चालतो त्याला बोलवा. बागलाणकडची माणसं अहिराणीत बोलत असतील तर ती बोली येणाऱ्या वॉर्डातल्या मावशींना सोबत घ्या, फार फरक पडतो.

गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान नाशिकमध्ये येणारच. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. अडवू नका. पेशंट शुद्धीत नसेल तर चमच्याने ओतल्यावर ठसका लागतो. त्याऐवजी गॉजचा तुकडा त्या पाण्यात भिजवून मुलीच्या किंवा सुनेच्या हातात द्या आणि ओठांवरून फिरवायला सांगा. एरवीही तोंड कोरडं पडू नये म्हणून दर एक-दोन तासांनी हेच करायचं असतं.

‘व्हेंटिलेटर नको, काही करू नका’ असं तोंडी किंवा फोनवर सांगितलेलं धरून चालू नका. सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि 24 जानेवारी 2023 ला त्याची पद्धत सोपी केली. आधीच केलेलं वैद्यकीय इच्छापत्र आता दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतं. जीव टिकवणारे उपचार थांबवायचे तर डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात. आपलं काम म्हणजे निर्णय कागदावर आला आहे का ते पाहणं.

मला सगळ्यात जास्त सलतं ते घरी पाठवणं. पेठ, सुरगाण्याची माणसं म्हणतात, ‘आता आपल्या घरी नेतो’. मागणी रास्त असते, पण आपण ‘डामा’च्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या, कागदावर सही घेऊन मोकळे होतो आणि पेशंट औषधाविना घाटातून जातो. जाण्याआधी दुखण्याचं औषध, ते केव्हा द्यायचं, लघवीची पिशवी कशी रिकामी करायची, कूस किती वेळाने बदलायची, जवळच्या आरोग्य केंद्रात कुणाला भेटायचं, हे सगळं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. डॉक्टर घाईत असतील तर तुम्ही लिहा आणि त्यांची सही घ्या.