गाळ-मळी ओढण्याआधी माती तपासा: जड धातू ओळखणाऱ्या जिवाणूंचा उपयोग किती?

हळद शिजवून, वाळवून सांगलीच्या पेठेत गेली, द्राक्षाची खरड छाटणी उरकली, की वैशाखात रानं मोकळी सापडतात. तलावातला गाळ, साखर कारखान्याची मळी, शहरी कंपोस्ट यांच्या खेपा याच दिवसांत सुरू होतात. थोड्याच दिवसांत हळदीचं बेणं मातीत जाईल आणि आठ-नऊ महिने तिथंच पोसेल. म्हणून आत काय येतंय ते आधी बघा. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक असे जड धातू कुजत नाहीत. एकदा रानात पसरले की वेचून काढता येत नाहीत.

आपल्या जमीन आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. शिसे आणि कॅडमियम त्यात नाहीत. पत्रिका चांगली आली म्हणजे जड धातू नाहीत, असा अर्थ काढू नका. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला रान असेल, मोटर सांडपाण्याच्या नाल्यावर असेल, किंवा 2019 आणि 2021 च्या महापुराचा थर रानात बसला असेल, तर वेगळी तपासणी मागून घ्या. तासगाव-मिरज भागातल्या जुन्या द्राक्षबागांसाठीही ती करून घ्यावी. वर्षानुवर्षं मारलेल्या बोर्डो या बुरशीनाशकातल्या मोरचुदाचं तांबं वरच्या थरात साठतं.

ही तपासणी स्वस्तात व्हावी म्हणून जनुक बदललेल्या जिवाणूंवर बरीच वर्षं काम चालू आहे. काही जिवाणूंत आर्सेनिक ओळखणारं एक प्रथिन निसर्गतःच असतं. ते एका जनुकावर पहारेकऱ्यासारखं बसून राहतं. आर्सेनिक चिकटलं की जागा सोडतं आणि जनुक चालू होतं. शास्त्रज्ञांनी त्या जनुकापुढं उजेड देणारं जनुक जोडलं, काजव्यातलं किंवा समुद्री जिवाणूतलं. मातीचं पाणी या जिवाणूंच्या नळीत घातलं की धातूच्या प्रमाणात नळी उजळते. पारा, शिसे, कॅडमियमसाठीही असे जिवाणू तयार झाले आहेत. व्हिएतनाममध्ये विहिरींचं पाणी आर्सेनिकसाठी असं तपासलं गेलं. तो अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला.

मला यातली मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. प्रयोगशाळेतलं यंत्र आम्लात विरघळवलेल्या मातीतला एकूण धातू मोजतं. जिवाणू फक्त पेशीत शिरू शकणारा धातू दाखवतो, आणि पिकाच्या मुळालाही साधारण तेवढाच भिडतो. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या रानात बराचसा धातू मातीला धरून बसतो, त्यामुळे हे दोन आकडे खूप वेगळे येऊ शकतात.

पण नळी अंधारी राहिली म्हणून रान स्वच्छ असं समजू नका. तांबं किंवा बुरशीनाशक जास्त असेल तर जिवाणूच मरतो, मग उजेड कुठून येणार? काळ्या मातीचा गढूळपणाही उजेड अडवतो. म्हणून त्याच मातीत ठरावीक धातू मुद्दाम मिसळून दुसरी नळी लावतात. तीही अंधारी राहिली तर चाचणी रद्द. उलटही होतं. कॅडमियम ओळखणारे काही जिवाणू जस्तालाही उजळतात. झिंक सल्फेट टाकलं असेल तर नमुन्यासोबत तसं लिहून द्या. ही चाचणी चाळणीसारखी वापरायची. संशय आला की यंत्रावर खात्री करून घ्यायची.

असे जिवाणू अजून कृषी सेवा केंद्रात मिळत नाहीत, आणि ते रानात टाकायचेही नसतात. केंद्र सरकारच्या 1989 च्या नियमांनुसार जनुक बदललेले जीव परवानगीशिवाय उघड्यावर सोडता येत नाहीत. ‘धातू खाणारे जिवाणू’ म्हणून कुणी कॅन विकायला आला तर परवानगीचा कागद मागा. रायझोबियम, अझोटोबॅक्टर, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही आपली नेहमीची जिवाणू खतं यात येत नाहीत, ती बिनधास्त वापरा.

नमुना खतं टाकण्याआधी घ्या. पत्र्याची बादली आणि घमेलं नको, त्यावरचं जस्त मातीत उतरतं. प्लास्टिकची बादली आणि स्वच्छ लाकडी किंवा प्लास्टिकची खुरपी घ्या. नाल्याकडची कड आणि रानाचा मध्य यांचे नमुने वेगळे ठेवा; एकत्र केले तर कडेचा दोष मध्यात विरून जातो. वीतभर खोलीची माती, दहा-बारा जागांची, सावलीत वाळवून अर्धा किलो. बागेत त्याखालचा थरही वेगळा घ्या. गाळाचा आणि कंपोस्टचा नमुना स्वतंत्र. शहरी कंपोस्ट घेताना विक्रेत्याकडं अहवाल मागा: खत नियंत्रण आदेशानुसार किलोमागं शिसे 100 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमच्या वर नको.

धातू निघाले तर तेवढ्या पट्ट्यात पालक, मेथी, मुळा आणि हळद टाळा. पालेभाज्या कॅडमियम लवकर ओढतात. नाल्याचं पाणी बंद करा, खात्रीचं शेणखत वाढवा.

अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून नमुना आत्ताच पाठवा. तोवर गाळाचा ढीग बांधावरच ठेवा आणि वळवाच्या पावसानं तो रानात उतरू नये म्हणून वर ताडपत्री टाका.