मॉनिटर टाकून देण्याआधी त्याचा पॉवर बोर्ड बघा

माझा मॉनिटर पाच वर्षांचा झाला आणि कुरकुरायला लागला. बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा, आतून टिक-टिक आवाज यायचा आणि दहा मिनिटांनी कुठे चित्र दिसायचं. महिन्याभरात दहाची तीस मिनिटं झाली. सर्व्हिस सेंटरने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "याचा बोर्ड येत नाही, नवीनच घ्या." तो राग अजून गेलेला नाही, कारण आतल्या वीज पुरवणाऱ्या पॉवर बोर्डवर बिघडले होते फक्त दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, करंगळीच्या पेराएवढे. तुमचाही मॉनिटर असाच रडतखडत सुरू होत असेल, तर एकदा आत बघा.

आधी जिवाची काळजी. प्लग काढा. पॉवर बोर्डवरच्या सगळ्यांत मोठ्या कपॅसिटरवर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं. २३० व्होल्टच्या लाइनवर तो सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भरतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. अर्धा तास थांबा, मग त्याच्या दोन पायांमध्ये मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. ते १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. मल्टिमीटर वापरता येत नसेल, तर ज्याला येतो त्याला शेजारी बसवा. मायक्रोवेव्ह आणि पिक्चर ट्यूबचे जुने टीव्ही मात्र घरी उघडूच नका.

मॉनिटर मऊ कापडावर पालथा ठेवा, स्टँड काढा, त्याखालचे स्क्रू काढा. बाकी झाकण खाचांमध्ये अडकवलेलं असतं. स्क्रूड्रायव्हर घातला तर कडा चिरतात, म्हणून जुनं प्लॅस्टिकचं कार्ड खालच्या कोपऱ्यातून सरकवत न्या. कट्-कट् आवाज येतो, काहीतरी मोडलं असं वाटतं. पण त्या बहुतेक वेळा खाचाच सुटत असतात.

आता कपॅसिटरची डोकी बघा. चांगल्याचं डोकं सपाट असतं. माझे दोन फुगून वर आले होते, एकाच्या बुडाशी तपकिरी खरपुडी होती. आणि दोघांची जागा? आजूबाजूच्या भागांची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तापणाऱ्या हीट सिंकला अगदी खेटून! या कपॅसिटरचं आयुष्य उष्णतेवर ठरतं: तापमान १० अंशांनी उतरलं की ते साधारण दुप्पट होतं. माझ्या कपॅसिटरवर ८५ अंश ही कमाल तापमानाची मर्यादा छापली होती. तेवढ्याच तासांच्या रेटिंगचा १०५ अंशांचा कपॅसिटर त्याच जागी जवळपास चौपट टिकला असता.

वस्तूचं आयुष्य ठरवून आखडणं जुनंच आहे. १९२४ मध्ये मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र येऊन बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरवलं होतं. ज्याचे बल्ब जास्त टिकतील त्याला दंड व्हायचा. माझ्या बोर्डाला अशा कराराची गरजच नव्हती, कपॅसिटरची जागा आणि त्यावरचा आकडा पुरला.

नवीन कपॅसिटर घेताना मायक्रोफॅरड (म्हणजे साठवण्याची क्षमता) तितकेच हवेत, व्होल्ट तितकेच किंवा थोडे जास्त, १०५ अंशांचा आणि लो ईएसआर, म्हणजे आतला विरोध कमी असलेला मागा. त्या जागेत मावतो का तेही बघा. जुना काढण्याआधी फोटो घ्या, कारण बाजूचा पट्टा म्हणजे मायनस, आणि उलटा बसवलेला कपॅसिटर फुटतो. जुन्या सांध्यावर आधी थोडं नवीन सोल्डर लावा म्हणजे ते पटकन वितळतं. मग एकेक पाय आळीपाळीने गरम करत ओढा. जोर लावलात तर बोर्डवरचं तांबं सोलून निघतं.

डोकी सपाट असूनही मॉनिटर चालू होत नसेल, तर दोष दुसरीकडे असू शकतो. तिथे जाणकाराला दाखवा. आणि नवीनच घ्यायची वेळ आली, तर पॉवर सप्लाय किती वर्षं मिळेल हे आधी विचारा. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून नियम लागू आहे: मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतरही किमान ७ वर्षं पॉवर सप्लाय आणि मोठे (४०० मायक्रोफॅरडच्या वरचे) कपॅसिटर व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत. "बोर्ड येत नाही" हे उत्तर सगळीकडेच चालता कामा नये.

झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि बदललेले पार्ट लिहा. माझ्यात लिहिलंय: "दोन कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, हीट सिंकपासून जरा लांब वाकवून बसवले."