क्रोन्सचा रिपोर्ट बिघडला? निदान या चुका तरी टाळा

मला क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार, होऊन चौदा वर्षं झाली. पहिले आठ महिने आतड्याचा टीबी समजून टीबीच्या गोळ्या खाण्यात गेले. आपल्याकडे हे बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं, कारण दोन्ही आजारांना लहान आतड्याचं शेवटचं टोक फार आवडतं आणि बायोप्सीतही ते पटकन वेगळे ओळखू येत नाहीत. इन्फ्युजनच्या, म्हणजे सलाईनसारखं शिरेतून औषध घ्यायच्या, खुर्चीत बसून शेजारच्यांच्या रिपोर्टांच्या कहाण्या इतक्या ऐकल्यात, की कुणी नवखा फोन पुढे करून "ताई, हे बघा ना" म्हणाला की पुढचं वाक्य मला आधीच पाठ असतं.

रात्री रिपोर्ट उघडणं आणि स्वतःच डॉक्टर होणं

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे हक्काने बोलते. आमच्या साताऱ्यातून कॅलप्रोटेक्टिनचा (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी) नमुना बाहेर पाठवावा लागतो, म्हणून चार-पाच दिवस थांबणं आलंच. त्या वेळी पीडीएफ आली रात्री सव्वादहाला. आधीचा आकडा ९०, आताचा ७८०. ठळक अक्षरात, शेजारी 'हाय'. पोट अगदी शांत होतं, तरी पाच मिनिटांत दुखायला लागलं. हे मिस्टर घोरत होते. मी दोन वाजेपर्यंत फोनवर आतडं कापायची ऑपरेशनं वाचत बसले आणि सकाळी शिवणाच्या डब्यात उरलेल्या प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉईडच्या, गोळ्या शोधून काढल्या. मागच्या वेळी डॉक्टरांनी ४० मिलिग्रॅम दिल्या होत्या, म्हणून तेवढ्याच घेतल्या. चार दिवस.

पाचव्या दिवशी पुण्याला गेले, तोवर झोप उडालेली आणि साखर वाढलेली. डॉक्टरांनी रिपोर्टकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "मधे दुसरं काही औषध?" अक्कलदाढ काढली होती आणि दहा दिवस आयब्युप्रोफेन चालू होतं! या जातीच्या वेदनाशामक गोळ्या आतड्याला डिवचतात, कॅलप्रोटेक्टिन त्यांनीही चढतं, आणि क्रोन्सवाल्यांनी त्या विचारल्याशिवाय घ्यायच्याच नसतात. आजार उठलाय की गोळीचा प्रताप आहे, हे थोडं थांबून पुन्हा तपासलं असतं तर कळलं असतं. मी मधे स्टेरॉईड घालून पाणी गढूळ करून ठेवलं होतं. ते कसं बंद करायचं तेही त्यांनाच आखून द्यावं लागलं. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं, ११०.

तेव्हापासून माझा नियम: लॅबचा मेसेज रात्री आला तर फोन फ्रिजवर. सकाळी चहा झाल्यावर, हे समोर बसलेले असताना उघडायचा. आणि उरलेलं स्टेरॉईड घरात ठेवायचं नाही.

रिपोर्टसाठी 'अभ्यास' करणं

तपासणीच्या आधी चार दिवस मऊ भात आणि ताक, एरवी वडापाव. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करणारी ही मंडळी! लॅबवाल्याला फसवून करायचंय काय? नेहमीसारखं जेवा.

दर वेळी नवी लॅब

सवलत दिसली की लॅब बदलतात आणि मग १८० चे २६० झाले म्हणून रडतात. वेगवेगळ्या लॅबचे किट वेगळे, त्यामुळे कॅलप्रोटेक्टिनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच माणसाचा आकडा एका दिवसातसुद्धा हलतो. मी लॅब एकच ठेवली आहे आणि नमुना सकाळचा पहिला देते.

एकट्या सीआरपीवर जीव टांगणं

सीआरपी म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडा. सर्दी-तापानेही तो चढतो. काहींच्या अंगात आजार पेटलेला असतानाही चढत नाही.

फेरिटिन नॉर्मल म्हणून लोह सोडणं

फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा. सूज असताना तो खोटा फुगतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना विचारा.

"मला तर काहीच होत नाही"

घाबरणाऱ्यांपेक्षा मला या धीट लोकांची जास्त काळजी वाटते. क्रोन्सची सूज आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाते आणि आतडं गुपचूप अरुंद होत राहतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक काका यायचे. कॅलप्रोटेक्टिनचे लागोपाठ तीन रिपोर्ट २५० च्या बरेच वर, म्हणजे सूज असल्याची खूण, पण भाकरी पचतेय म्हणून ते कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. स्कोपची, म्हणजे आतड्यात कॅमेरा घालून पाहायची, तारीख दोनदा पुढे ढकलली. एका लग्नात जेवण झालं, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, आणि आतड्याचा तुकडा काढावा लागला. नंतर म्हणाले, "पोरीचं लग्न होईपर्यंत थांबावं म्हटलं." यावर मी काय बोलणार?

घाई

अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात "उपयोग नाही" म्हणून काढ्याकडे वळणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. या गोळीवर रक्ताच्या तपासण्या लवकर-लवकर होतात, त्या पांढऱ्या पेशी घसरत नाहीत ना हे पाहायला. त्या मात्र बुडवू नका.

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. एका ओळीत तारीख, आकडा, लॅब, आणि त्या पंधरवड्यात घेतलेली प्रत्येक गोळी, डोकेदुखीचीसुद्धा. ७८० च्या ओळीपुढे लाल पेनाने 'दाढ' लिहिलंय. परवा डॉक्टरांनी वही चाळली, त्या ओळीवर थांबले आणि हसले.